तिसऱ्या ओळीतला सातवा

यितबारेक म्हणाला, उद्या तीन वाजता निघू.
मी दुपारच्या हिशेबाने निवांत,
आणि हा सकाळी नऊलाच दारात, टोपी हातात.
गोंदरात सूर्य उगवला की मोजणी सुरू होते, बाई.
शिवाय सालही आमचे सात-आठ वर्षे मागे.
मी गुडघ्याला म्हटले, ऐकलेस?
गुडघा काही बोलला नाही.

आधी म्हणे राजे तंबूंतून फिरायचे,
राजधानीचे बिऱ्हाड पाठीवर.
मग एक जण कंटाळला आणि इथे दगडावर दगड ठेवला.
चार कोपऱ्यांना चार बुरूज,
वर अंडी उभी करावीत तशा घुमट्या.
मेजवानीच्या दालनाला आता छप्पर नाही;
घारी आत-बाहेर करतात, तिकिटाशिवाय.

सिंहांचे पिंजरे.
आजी सांगायची, डरकाळी आली की दाराला खाट लावायचो.
पिंजऱ्यात एक शाळकरी पोरगा
वहीत गणिते सोडवत बसलेला.
यितबारेकने वाकून एक उत्तर खोडले,
पोराने जीभ दाखवली,
आम्ही पुढे गेलो.

राजाचा हौद कोरडा.
कडेच्या भिंती झाडांच्या मुळांनी
पैसे घट्ट धरावेत तशा धरलेल्या.
अस्नाकेच तळाशी उतरून पाने झाडत होती,
एवढ्या मोठ्या हौदात एवढासा खराटा.
वर्षातून एकदा भरतात, टिमकतला,
कितीतरी दिवस पाणी येतच राहते,
मग धर्मगुरू मंत्र म्हणतात आणि उड्या पडतात,
पोरांच्या, बापयांच्या,
एकदा तर कोट घातलेल्या वकिलाची.
आणि तुझी?
मला पोहता येत नाही. मी कपडे सांभाळतो.

देवळात शिरताना चपला बाहेर.
शत्रू आला तेव्हा आग्या मोहोळ उठले म्हणे,
म्हणून हे एवढे वाचले.
वर पाहिले
तर अख्खे छत माझ्याकडे पाहत होते.
शंभरावर चेहरे, मान संपते तिथे पंख,
सगळ्यांचे डोळे मोठे आणि जागे.

प्रवचन लांबायचे, यितबारेक म्हणाला, पोटात उपास.
मग आम्ही पोरांनी चेहरे वाटून घेतले.
तिसऱ्या ओळीतला सातवा माझा. जरा तिरळा आहे.
त्याच्या शेजारचा मेकोननचा, तो परदेशात टॅक्सी चालवतो.
तो तिकडचा गेताहुनचा, लढाईवर गेला.
ते दोघे सख्ख्या भावांचे,
त्यांचे नीट कळले नाही.
तो बोट फिरवत राहिला. मग खिशात घातले.
इथे मी एकटाच उरलो ना. सगळ्यांकडे बघून जातो.

तुम्हीही एक घ्या. बरेच मोकळे आहेत.

साडीच्या दुकानात होते तसे झाले माझे.
हा? की तो?
शेवटी कोपऱ्यातला घेतला, ओलीच्या डागाजवळचा,
त्याला कोणी विचारले नसते म्हणून.

संध्याकाळी त्याच्या बहिणीकडे कॉफी.
जमिनीवर ओले गवत पसरलेले, धूप, लाह्या.
तिरसितने बिया भाजल्या, कुटल्या,
काळ्या मडक्यातून उंचावरून धार सोडली.
या पहिल्या वाढीला म्हणतात अबोल.
मी दचकले. माझ्याच घरातला शब्द!
पण तिथली अबोल सगळ्यांत कडक,
पहिल्या घोटालाच खोलीभर सगळे एकदम बोलू लागले.
मलाच काही सुचेना.
म्हणजे शब्द दोन्हीकडे बरोबर होता.

घरी येऊन महिना झाला.
तारीख लिहिताना पेन अजून थबकते.
आणि परवा ध्यानात आले,
ओळ कुठली ते मी टिपूनच घेतले नव्हते.
फोन लावला. तिकडे रात्रीचे दोन,
म्हणजे आठ.
माझा कोपऱ्यातला, मी म्हटले, आठवतो का रे?

कालच पाहिला, तो म्हणाला.
डाग थोडा वाढलाय.
बाकी ठीक आहे.